उसनी पेटी

"डायव्हरसाहेब, पाय पुरतात बरं का!"

झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारची, दुपार होती. आमच्या ओसरीवर एक नवीकोरी शवपेटी ठेवलेली, तिच्यात शमुवेलमामा उताणे झोपलेले, आणि छातीवर ठेवलेल्या पुडीतल्या भाजक्या शेंगा ते फोडून खात होते. निवांत! जणू बागेतल्या बाकावर पडलेत.

आबा खुर्चीतून वाकून पायथ्याशी बघत होते. "नीट बघ. ताणून बघ पाय."

"ताणले की. वर उशी घेतली तरी मावतोय."

"खांद्याला?"

"खांदेपण बसले. याकोबनं काम बेस केलंय. आपल्या गाडीतसुद्धा एवढी ऐसपैस सीट कधी मिळाली नव्हती."

"टरफलं आत टाकू नको, मास्तर. नवी आहे."

"तुला टोचणारेत का झोपल्यावर?"

दोघंही खो-खो हसले. तेवढ्यात मम्मी चहा घेऊन बाहेर आली आणि तिच्या हातातला ट्रे असा काही हिंदकळला की निम्मा चहा बशांमध्ये.

"अहो मामा, उठा आधी! सणाच्या दिवसांत हे काय भलतंच!"

"सूनबाई, कप इकडंच दे. सीट आरक्षित आहे. ज्येष्ठ नागरिक आहे मी, तिकीटही माफ."

मी कोपऱ्यात पॉलिश पेपर घेऊन बसले होते. पेटीचं झाकण घासायचं काम माझ्याकडे होतं. मला अजिबात हसू येत नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, 'हसा, हसा. इथे माझे आबा मरायला निघालेत आणि तुम्हाला शेंगा सुचताहेत.'

आता जरा थांबून सगळं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या घरी सगळेच वेडे आहेत.

मी केतुरा अमोलिक. तेव्हा सहावीत होते. शाळेत सगळे मला केतू म्हणायचे आणि पाठोपाठ "राहू कुठाय?" असं विचारायचे, आणि मी कुणालाही उत्तर द्यायचे नाही, कारण मी तेव्हा बोलायचेच नाही. हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही. बाईंनी मला दोनदा गैरहजर लावलंय, मी समोर बसलेली असताना! (आता जे मला ओळखतात त्यांचा यावर विश्वास बसत नाही. बसू नये. मीच आता आमच्या शाळेत बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन करते.)

आमचं गाव श्रीरामपूरच्या पुढे. चर्चच्या मागे आमच्या मंडळीची घरं. आबा म्हणजे माझे आजोबा, दानिएल अमोलिक. एसटीत ड्रायव्हर होते. बुटके इतके की सीटवर घोंगडीची घडी टाकून त्यावर बसायचे. आणि त्यांचे कंडक्टर, म्हणजे आबांचे 'मास्तर', शमुवेलमामा ताडमाड उंच, गाडीत कायम मान वाकवून उभे. दोघांनी सारी नोकरी एका गाडीवर काढली. मामांना बायको नव्हती, ती लवकर वारली. मूलबाळही नव्हतं. चर्चमागच्या एका खोलीत ते एकटे राहायचे आणि दोन वेळा डबा आमच्याकडून जायचा.

आता पेटी. आबांना एक सवय होती: स्वतःची शवपेटी घरात तयार ठेवायची. चर्चची जुनी बाकं मोडीत निघाली तेव्हा त्यांनी सगळं सागवान घेऊन ठेवलं होतं, आणि याकोबकाका सुतार त्यातून पेटी करून द्यायचे. पण आबा तर ठणठणीत. मग कुठंतरी कुणीतरी जायचं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला म्हातारा, नाहीतर परगावहून आलेल्या एकट्या नर्सबाई. घरच्यांपाशी पेटी नसायची, करायला वेळ नसायचा. आबा म्हणायचे, "माझी न्या."

लोक ओशाळायचे. असं कुणाचं कसं घ्यायचं?

मग आबा त्यांचं ठरलेलं वाक्य बोलायचे. "दान नाही देत. उसनी देतोय. तिकडं भेटलो की परत करा."

साखर उसनी न्यावी तशी! रडणारी माणसंसुद्धा हे ऐकून जराशी हसायची आणि पेटी घेऊन जायची. अशा तीन पेट्या गेल्या होत्या. आणि देवा, मला माफ कर, पण पेटी दाराबाहेर पडली की मी आत जाऊन दोन पोळ्या जास्त खायचे. कारण माझा हिशेब साधा होता. पाहुणा निघाला, पण बॅगच नाही, तर तो जाणार कसा? पेटी नाही तोवर आबा इथेच!

म्हणून ही चौथी पेटी मला घरात नको होती. फेब्रुवारीत आबांच्या छातीत दुखलं होतं. शमुवेलमामा त्यांना नगरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. दोघं संध्याकाळी परत आले ते फारच गप्प. आणि आठवडा उलटायच्या आत आबांनी याकोबकाकांना बोलावून सांगितलं, "पेटी कर. चांगली कर. घाई कर."

घाई कर! यापूर्वी ते कधी घाई म्हणाले नव्हते. शिवाय ती पेटी बघून मला आणखीनच भीती वाटली. आबा बुटके, आणि ही केवढी लांब! मी मम्मीला म्हटलंसुद्धा, "याकोबकाकांचं माप चुकलं." तर आबा म्हणाले, "चुकलं नाही. मला पाय पसरून झोपायचंय. आयुष्यभर क्लचवर पाय आखडून बसलो."

तर त्या रविवारी संध्याकाळी मी मामांचा डबा घेऊन गेले. ते खाटेवर पडले होते, आणि त्यांचे पाय नेहमीप्रमाणे खाटेच्या बाहेर.

"मामा, एक काम होतं."

"मोठ्यानं बोल. इंजिन चालू आहे." हे ते मला रोज म्हणायचे.

"ती पेटी आमच्या घरातून घालवा ना."

"का गं?"

"ती आहे म्हणून आबा..." पुढचं मला बोलताच येईना. नाक गळायला लागलं.

मामा उठून बसले. त्यांना खोकल्याची उबळ आली, बराच वेळ थांबेना. मग पाणी पिऊन म्हणाले, "तुझा आबा कुठं निघालाय? त्या डॉक्टरनं त्याचं फक्त लोणचं बंद केलंय."

"खोटं. मग घाईनं पेटी कशाला केली?"

मामांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "ईस्टरच्या आत पेटी तुमच्या घराबाहेर. कंडक्टरचा शब्द."

"नक्की?"

"सुटे पैसे सोडले तर मी आजवर कुणाचं काही बुडवलं नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. मामांनी ती संधी बरोबर साधली. "पण माझंही एक काम आहे. यंदा पहाटेची हाक तू द्यायची."

तुमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ईस्टरच्या पहाटे आमची सगळी मंडळी कबरस्थानात जमते. आधीच्या आठवड्यात कबरींना चुना दिलेला असतो, फुलं ठेवलेली असतात. अंधारात सगळे मेणबत्त्या घेऊन उभे राहतात आणि पूर्वेला उजाडायला लागलं की एक जण ओरडतो, "प्रभू उठला आहे!" आणि सगळे उत्तर देतात, "खरोखर उठला आहे!" ती हाक माझ्या जन्माआधीपासून शमुवेलमामांची. "चला, पुढं सरका" ओरडून ओरडून कमावलेला त्यांचा तो आवाज पार कॅनॉलपर्यंत जायचा.

"मी? मला हजेरीसुद्धा देता येत नाही मामा!"

"या खोकल्यात माझ्यानं होणार नाही. आणि हाक द्यायला गळा लागत नाही गं. बातमी खरी आहे एवढं माहीत असलं की झालं."

"मला नाही जमायचं."

"बरं. मग मी डबल देईन तेव्हा ओरड." असं म्हणून त्यांनी डब्याच्या झाकणावर बोटानं दोनदा वाजवलं. टण् टण्. एसटीत एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मामा आयुष्यातल्या सगळ्या गोष्टी याच भाषेत सांगायचे. जेवण झालं की ताटावर दोनदा, प्रवचन लांबलं की बाकावर एकदा. पाळकसाहेबांनाही ते कळायचं!

मी हो म्हटलं नाही. सकाळचा रिकामा डबा घेऊन पळाले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मामा उपासनेला आले नाहीत. त्यांची जागा रिकामी होती आणि आबा सगळा वेळ तिकडेच बघत होते. उपासना संपल्यावर ते घरी न येता थेट मामांच्या खोलीवर गेले आणि तिथेच राहिले. मम्मीनं दोघांचा डबा पाठवला, तो तसाच परत आला.

शनिवारी सकाळी मी अंगणात दात घासत होते. आबा फाटकातून आत आले. चपला काढल्या नाहीत, ओसरीच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "मास्तर उतरला."

पाठोपाठ चर्चची घंटा वाजायला लागली. सावकाश, थांबून थांबून. मग मला कळलं.

मम्मी तोंडाला पदर लावून रडायला लागली. आबा रडले नाहीत. त्यांनी उठून पेटीवरची चादर काढली आणि म्हणाले, "केतू, फडकं आण. धूळ बसलीय."

मी फडकं आणलं. आम्ही दोघांनी पेटी पुसली. झाकण मी पुसलं, कारण ते मी घासलेलं होतं. मग मी आतून पुसायला लागले तर पायथ्याच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी लागलं. शेंगेचं टरफल!

मी ते उचलून टाकणार तेवढ्यात आबांनी माझा हात धरला. "असू दे. त्याचंच आहे."

चार माणसं आली आणि पेटी उचलून घेऊन गेली. ती आमच्या फाटकातून बाहेर पडताना मला मामांचे शब्द आठवले. ईस्टरच्या आत पेटी तुमच्या घराबाहेर. कंडक्टरचा शब्द. पेटी घरातून गेली आणि मला आनंद झाला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी पायरीवर बसून अशी रडले, अशी रडले की शेजारची मांजरसुद्धा भिंतीवरून उतरून बघायला आली.

आबा माझ्याजवळ बसले.

"आबा, ते असे कसे गेले? आजारी तर तुम्ही होता ना?"

"छातीत दुखलं होतं माझ्या. पण तिथं बाकावर बसून मास्तर एवढा खोकत होता की डॉक्टर म्हणाले, आधी यांना तपासू. मला सांगितलं लोणचं बंद करा. त्याला काहीच बंद करायला सांगितलं नाही. तेव्हाच आम्ही समजलो."

मी नाक पुसत विचार करत होते. हळूहळू सगळं एकाला एक जुळत गेलं. घाई कर. केवढी लांब पेटी. पाय पुरतात बरं का.

"ती पेटी तुमची नव्हतीच," मी म्हटलं.

"माझीच होती. माझी नसती तर उसनी कशी दिली असती?" आबा जरासे हसले. "तुला केलीय म्हटलं असतं तर त्यानं घेतली असती का? फार ताठ माणूस. म्हणून बोलावलं, म्हटलं, माझी नवी पेटी बघायला ये. आला, झोपून बघितलं, म्हणाला पाय पुरतात. तो काही बोलला नाही, मी काही बोललो नाही. टरफलांवरून भांडलो, तेवढंच."

"आणि त्यांना कळलं होतं?"

"कंडक्टर होता तो. कुणाचं तिकीट कुठलं, हे त्याला बघता क्षणी कळायचं."

मला परत रडू आलं. मी म्हटलं, "पण उसनी म्हणजे परत मिळणार थोडीच! तुम्ही उगाच म्हणता."

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"या शनिवारी प्रभू कुठं होता?"

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मी काही तोंडातून काढत नसले तरी उत्तरं सगळी यायची मला. "कबरेत."

"कुणाच्या?"

"अरिमथाईकर योसेफाच्या. त्यानं स्वतःसाठी खोदलेली."

"म्हणजे उसनीच की. परत केली का नाही?"

किती वेळा ऐकलेली गोष्ट, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! "केली," मी म्हटलं. "रविवारी."

"मग झालं तर. अशा माणसामागं चाललोय आपण. उसनं द्यायला भ्यायचं कशाला?"

मी बाहीला डोळे पुसले. मग मी खरं ते विचारलं, जे महिनाभर पोटात होतं. "तुम्हीपण जाणार ना आबा?"

"जाणार की. पण तुला एक सांगतो. गाडी डेपोत आली की आधी कोण उतरतं?"

"कंडक्टर."

"तो मागं जाऊन उभा राहतो. जागा बघतो. मग शिटी मारतो, येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या. डायव्हरला मागचं काही दिसत नाही, केतू. शिटीच्या भरवशावर तो गाडी घेतो. मी आयुष्यभर मास्तरच्या शिटीवर गाडी लावली. एकदाही घासली नाही." त्यांचा आवाज तेव्हा मात्र हलला. "तो पुढं गेलाय इतकंच. बोलावील तेव्हा जाईन."

त्याच दिवशी संध्याकाळी दफनविधी झाला. मामा पेटीत अगदी नीट मावले होते, पाय सरळ, कधी नव्हे ते सरळ. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळीनं गीत गायलं. दोर लावून पेटी खाली सोडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांबा." ते गुडघ्यावर बसले, बुटकेच ते, अजून बुटके झाले. आणि मी घासलेल्या त्या झाकणावर त्यांनी बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं.

टण् टण् असा नाही आला आवाज. लाकूड ना ते. टक् टक्.

"चला," आबा म्हणाले.

आता इथे मी सांगून टाकते, कारण तुम्ही तेच विचारणार: आबा आहेत अजून! मी दहावीत आलेय आणि ते रोज मम्मीची नजर चुकवून लोणचं खातात. पाचवी पेटीही आमच्या घरात आहे. मंडळीत सध्या सगळ्यात उंच कोण, ते बघूनच तिचं माप घेतलंय. ती कुणाला लागेपर्यंत तिच्यात आम्ही गहू ठेवतो. मी तिच्या झाकणावर बसून अभ्यास करते. मला भीती वाटत नाही. खरं सांगते, त्या पेटीकडे बघून मला देवाचे आभार मानावेसे वाटतात. मामांसाठी, आबांसाठी, आणि त्या पहाटेसाठी. ती तेवढी राहिलीय सांगायची.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. अंधारातच आम्ही सगळे कबरस्थानात पोचलो. चुना दिलेल्या कबरी पांढऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्यामध्ये एकच काळी, ओल्या मातीची, झेंडूच्या हारांनी झाकलेली. सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या. पूर्वेला कॅनॉलच्या पलीकडे ऊस होता, त्याच्या शेंड्यांवर राखाडी उजेड आला. मग तो पिवळा झाला.

वेळ झाली. कुणी बोलेना.

मंडळीतल्या प्रत्येकाच्या कानात मामांचाच आवाज असणार. पाळकसाहेबांनी आबांकडे बघितलं. आबा खाली बघत होते. कुणीतरी हुंदका दिला, एका बाळानं कुरकुर केली, आणि उजेड तर वाढतच चालला होता. मला वाटलं, आता सूर्य येईल आणि आम्ही सगळे असेच मुक्यानं उभे राहू, बातमी खरी असून!

तेवढ्यात माझ्या पाठीवर कुणीतरी बोटानं वाजवलं. दोनदा.

मी वळून बघितलं नाही. मी तोंड उघडलं, आणि तोवर माझ्यात आहे हे मलाच माहीत नसलेला एक आवाज बाहेर आला.

"प्रभू उठला आहे!"

उसातून पाखरं उडाली. कुणाच्या तरी हातातली मेणबत्ती पडली. आणि मग सगळी मंडळी, म्हातारी माणसं, मम्मी, याकोबकाका, ते कुरकुरणारं बाळसुद्धा, एकदम गरजली, "खरोखर उठला आहे!"

मी हसत होते. आबांचे गाल ओले होते. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अगं, इतक्या जोरात? ही झोपलेली सगळी आत्ताच उठून बसतील की!"

मी चोहीकडे त्या पांढऱ्या कबरींकडे बघितलं, मग त्या एका काळ्या कबरीकडे.

"उठू देत की, आबा," मी म्हटलं. अगदी मोठ्यानं.